खोकला

ताम्पेरेत फेब्रुवारी. उणे एकोणीस.
खुंट्यांवर तेवीस कोट, आत बावीस माणसं.
एक कोट गेल्या हिवाळ्यापासून तसाच लटकलाय,
कुणी न्यायला आलेलं नाही.

राइली स्टुलावर. पायाशी ती पेटी,
वहीएवढी, दोन बटणं, एक लाल दिवा.
अकरा वर्षं तिच्या पाठीमागे मी ड्रम वाजवले.
आता पेटी आहे.
पेटी उशिरा येत नाही, पिऊन येत नाही,
व्हॅनमध्ये पुढची जागा मागत नाही.

मी मागच्या टेबलाशी,
तिला दिसू नये अशा बेताने,
आणि दिसलो तर बरं, अशाही.

तिने बूट काढून ठेवलेत.
लाल लोकरीचा मोजा, अंगठ्यापाशी रफू.
बूट घातला की बटण कळत नाही म्हणते.

आधी तळवा, गिटारच्या पोटावर: धप्प.
हा माझा मोठा ड्रम.
मग तारा मुठीत धरून खरवडणं: खस्स.
हा माझा छोटा, जो मी मे महिन्यात विकला.
अंगठा खाली.
समेआधी दाबलं तर आवर्तन लंगडतं,
समेनंतर दाबलं तर मध्ये खड्डा पडतो
आणि तोच खड्डा रात्रभर परत येत राहतो,
सासऱ्याच्या टेबलावर बोलून गेलेल्या वाक्यासारखा.
तिचं बरोबर समेवर पडलं.
पेटीने आठ मात्रा गिळल्या
आणि लगेच परत द्यायला लागली.

पहिल्या थरात तिने किती जागा सोडली होती!
सगळं आधीच भरून टाकलं
तर मागून येणाऱ्यांनी बसायचं कुठे,
हे ती मला सेइनायोकीच्या रस्त्यावर सांगायची.
मी काच खाली करून सिगारेट ओढायचो.

मग वरच्या पट्टीत तीन बारीक सूर,
आणि पेटीला सांगितलं, निम्म्या गतीने.
सूर धाडकन खाली आले,
एका रात्रीत पोराचा आवाज फुटावा तसे.
बेस वाजवायला माणूस नको.
टेबलावर बोटं हलली माझी. मी ती मांडीखाली घेतली.

तिसऱ्या थराला तिने माइक ओढला
गिटारच्या पोकळीसमोर.
दिवा लाल. खोली गप्प.
आणि मी खोकलो.

रविवारपासूनचा खोकला, खोल, ओला.
आठ मात्रांनी तो परत आला.
कुणीतरी हसलं.
पुन्हा आला. आता सगळेच हसले,
बारवाली हेल्लेवीसुद्धा, पेले पुसता पुसता.

पुसणं सोपं असतं. बटण दाबून धरायचं,
शेवटचा थर जातो, खालचे तसेच राहतात.
तिचा अंगठा बटणावर गेलेला मी पाहिला.
तिने एक फेरी ऐकली. आणखी एक.
खोकला साडेसातव्या मात्रेवर पडत होता,
म्हणजे सवयीप्रमाणे अर्धी मात्रा उशिरा.

अंगठा उचलला.
आणि तिने त्या उशिरावरूनच सूर धरला,
खोकल्याच्या शेपटाला पकडून वर गेली,
उतरताना थांबली, त्याला जागा दिली,
तो आला, ती पुढे.
हसणारे कधी गप्प झाले ते कळलं नाही.

शेवटाकडे एकेक थर काढला.
बेस गेला. खस्स गेलं. धप्प गेलं.
राहिली आठ मात्रांची रिकामी खोली
आणि तिच्या दाराशी मी,
प्रत्येक फेरीला थोडा पुसट.

टाळ्या संपायच्या आत उठलो.
मानधन मागावं, असंही मनात आलं, खरं सांगतो.
खुंटीवर माझा कोट घेतला,
शेजारच्या त्या जुन्या कोटाच्या खिशात हात घातला.
ड्रम आवळायची चावी. होती अजून.
राहू दिली.
कोटही.